दोघांच्या बोलण्यातला तिसरा

रोह्याशी बालपणापासून नातं असलेल्या चिंतामणराव देशमुखांची ओळख आपण रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर राजीनामा देणारे अर्थमंत्री अशी करून देतो. त्यांनी मेघदूताचा मराठी अनुवाद केला होता, हे सहसा सांगायचं राहून जातं. शापामुळे दूर पडलेला यक्ष आपल्या बायकोला ढगाबरोबर निरोप धाडतो, एवढीच त्या काव्यातली गोष्ट. ढग हा अगदी आदर्श मध्यस्थ. तो मध्येच आपलं मत देत नाही, निरोपातला चावट भाग गाळत नाही, ‘बाकी मी सांगतो तिला समजावून’ असंही म्हणत नाही.

दिव्यांग जोडप्यांच्या वाट्याला असा ढग येत नाही. त्यांच्या वाट्याला आई, वहिनी, शेजारचा शिकलेला मुलगा, शाळेतल्या बाई, तलाठी कार्यालयातला कारकून अशी माणसं येतात. बहुतेक सगळी भली. पण प्रेमाच्या बोलण्यात भला माणूस मध्ये बसला तरी जागा अडतेच. ज्यांना ऐकू येत नाही किंवा दिसत नाही, ते एकमेकांशी बोलतात कसे, असं लोक कुतूहलाने विचारतात. त्या दोघांना बहुधा त्याची अडचण नसते. अडचण असते ती तिसऱ्याला उठवायचं कसं याची.

कोणा खऱ्या जोडप्याचं खासगी आयुष्य अंकाच्या पानावर मांडण्यापेक्षा आपण दोघं कल्पू या. ती पेणची. हमरापूर-जोह्याच्या पट्ट्यात वर्षभर गणपतीच्या मूर्ती घडत असतात, तिथल्या एका कारखान्यात रंगकाम करणारी. तो रोह्याचा, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा. दोघंही जन्मापासून कर्णबधिर. मध्ये दिवा-रोहा गाडीची कासू, नागोठणे अशी स्टेशनं. आपल्याला हे अंतर किरकोळ वाटतं. पण फोन म्हणजे फक्त आवाज होता तेव्हा या दोघांसाठी ते फार मोठं होतं. त्याला तिला काही सांगायचं तर घरातल्या कोणाला तरी तिच्या घरातल्या कोणाला तरी फोन करावा लागे. म्हणजे दोघांच्या मधे दोन माणसं, आणि ती दोन्ही वडीलधारी. प्रेमात असलेल्या पोराने कल्पना करून पाहावी.

व्हिडिओ कॉल आला आणि हे चित्र पालटलं. ऐकणाऱ्यांना ती एक सोय होती. कर्णबधिरांना मात्र पहिल्यांदाच टेलिफोन मिळाला, आपल्या टेलिफोनच्या जवळजवळ सव्वाशे वर्षांनंतर.

आणि त्या टेलिफोनचा जनकच या गोष्टीतला एक खलनायक आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेलची आई कर्णबधिर होती. बायको मेबल लहानपणीच्या आजारात बहिरी झालेली. दोघींवर त्याचा जीव होता, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. तरी याच माणसाने १८८३ साली अमेरिकेच्या विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचला आणि इशारा दिला, की कर्णबधिरांनी आपापसांत लग्नं केली तर मानवजातीत एक बहिरी जात तयार होईल. कायद्याने बंदी घालणं व्यवहार्य नाही हे त्याला कळत होतं. म्हणून त्याने दुसरे उपाय सुचवले: मुलांना एकत्र ठेवणाऱ्या निवासी शाळा नकोत, खुणांची भाषा नको, कर्णबधिर शिक्षक नकोत. म्हणजे त्यांना भेटूच देऊ नका, आणि भेटले तर बोलायला भाषा ठेवू नका. त्याच्या तीन वर्षं आधी, १८८० मध्ये, इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली होती. शाळांतून खुणा हद्दपार करून ओठांवरून वाचणं आणि तोंडाने बोलणं शिकवावं, असा ठराव तिथे झाला. मत देणाऱ्यांत कर्णबधिर माणूस एकच होता. त्या ठरावाबद्दल याच परंपरेतल्या परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० साली, व्हँकुव्हरला.

आपल्याकडे मुंबईत माझगावला कर्णबधिरांची शाळा निघाली ती याच मिलानच्या पाठोपाठ, १८८५च्या सुमारास. ‘बोलतं करायचं’ हा ध्यास पुढे शंभर वर्षं आपल्या बहुतेक शाळांत राहिला. वर्गात हात बांधून बसायचं आणि मधल्या सुट्टीत, वसतिगृहात, दिवे गेल्यावर खिडकीच्या उजेडात हातांनी पोटभर बोलायचं, अशी ही दुहेरी शाळा. भाषा शिकली गेली ती दुसऱ्या शाळेत. म्हणून कर्णबधिरांची प्रेमं आणि लग्नं पुष्कळदा शाळेच्या ओळखीतून जुळतात. जिच्याबरोबर भाषा सापडली, तिच्याबरोबर संसार मांडावासा वाटला तर नवल काय?

कारण घरी भाषा नसते. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी येतात. खारेपाटातल्या एखाद्या घरात असं मूल वाढतं तेव्हा आईबरोबर त्याच्या पाच-पंचवीस खुणा तयार होतात: जेव, झोप, मासे, शेत, बाप रागावेल. त्यांवर दिवस निघतो. पण ‘मला तो आवडतो’, ‘आत्ता लग्न नको’, ‘मला भीती वाटते’ हे बोलायला त्या पुरत नाहीत. मुलगी लग्नाची होते आणि तिच्या वतीने सगळं घर बोलतं, कारण तिच्या मनातलं घराला कळतच नसतं. यात घरच्यांचा दुष्टावा नाही. वीस वर्षं एका छपराखाली राहून तिची भाषा शिकायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, इतकंच. हे ‘इतकंच’ मला फार मोठं वाटतं.

खुणांची भाषा म्हणजे हातवारे, ही समजूत अजूनही आपल्या शिकल्यासवरल्या घरांत आहे. १९७०च्या दशकात मदन वसिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई, बंगळूर इथल्या कर्णबधिरांच्या खुणा तपासल्या. शहरांत फरक असूनही त्या एकमेकींशी नात्यातल्या निघाल्या. व्याकरण त्यांचं स्वतःचं, हिंदी-मराठीहून वेगळं. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत २००१ साली या भारतीय सांकेतिक भाषेचे रीतसर अभ्यासक्रम सुरू झाले. दिल्लीत २०१५ मध्ये स्वतंत्र संशोधन केंद्र झालं आणि त्याच्या कोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द आले. कोश फुकट आहे, चित्रफितींचा आहे, फोनवर दिसतो.

व्याकरण वेगळं असल्याचा एक उपद्रव मात्र होतो. अशा मुलीला मराठी ही दुसरी भाषा असते. ती लिहिते, ‘उद्या मी रोहा येणे नाही ताप आई.’ विभक्ती गेली, क्रियापद भलतीकडे. त्याला ते लख्ख कळतं. तो तसंच उत्तर देतो. पण तोच निरोप त्याच्या काकांच्या नजरेला पडला, की काका म्हणतात, ‘मुलगी डोक्यानेही जरा कमी दिसते.’ एखादं स्थळ असं एका वाक्याच्या व्याकरणावर मोडू शकतं.

आता या दोघांचं लग्न झालं असं धरू. लग्नातच पहिली गंमत. मंगलाष्टकं दोघांनाही ऐकू येत नाहीत आणि मध्ये अंतरपाट, म्हणजे ज्या डोळ्यांनी ऐकायचं तेही झाकलेले. सगळा मांडव ‘सावधान’ म्हणत असतो आणि ज्यांनी सावध व्हायचं ते अक्षता अंगावर पडण्याची वाट पाहतात. उखाणा मात्र हाताने छान घेता येतो. कर्णबधिरांत प्रत्येकाचं खुणेचं नाव असतं, गालावरच्या तिळावरून, चालण्याच्या ढबीवरून, कपाळावर येणाऱ्या बटेवरून पडलेलं. नवऱ्याचं नाव घेताना तिला त्याचा चेहराच हवेत काढावा लागतो.

पुढचा संसार चारचौघांसारखा, काही तपशील सोडून. दाराची घंटा वाजत नाही, दिवा लुकलुकतो. तान्हं मूल झालं की आईचा हात रात्रभर त्याच्या अंगावर. बोलायचं तर समोर यावं लागतं. स्वयंपाकघरातून हाक मारून नवऱ्याला कामं सांगायची सोय नाही. भांडणाचे नियम निराळे: डोळे मिटले की भांडण एकतर्फी बंद. समोरच्याचे हात धरून ठेवले तर ती हिंसा, तोंडात बोळा कोंबल्यासारखी. फायदेही आहेत. धावीर महाराजांच्या पालखीच्या गर्दीत, ढोलताशांच्या दणदणाटात आपण एकमेकांच्या कानात ओरडत असतो तेव्हा हे दोघं रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहून निवांत गप्पा मारू शकतात. रोह्याच्या फलाटावर खिडकीची काच बंद असली तरी चालतं. गाडी सुटल्यावरही वाक्य पुरं करता येतं.

आणि कोकणातला पाऊस. जुलैच्या रात्री वीज गेली की आपलं फक्त टीव्ही पाहणं थांबतं. या घरातलं बोलणं थांबतं. मग मोबाइलच्या दिव्यात एक हात धरायला आणि एक बोलायला उरतो, नाहीतर तळहातावर बोटाने अक्षरं काढायची. वीज महावितरणची, पण तिच्या जाण्याचा असाही अर्थ असतो, हे बिलात कुठे छापलेलं नसतं.

मराठी-हिंदी प्रेक्षकांच्या मनात असं जोडपं ठसवलं ते १९७२च्या ‘कोशिश’ने. गुलजारांचा चित्रपट, संजीवकुमार आणि जया भादुरी. मुळात एका जपानी चित्रपटावरून घेतलेला, पण आपल्या मातीत रुजलेला. रडणं ऐकू न आल्याने त्यांचं पहिलं मूल जातं, तो प्रसंग लोकांना आठवतो. मला जास्त महत्त्वाचे दोन दुसरे धागे वाटतात. एक, त्यांचा जिवलग मित्र अंध आहे. त्यांचे हात त्याला दिसत नाहीत, त्याचा आवाज त्यांना पोचत नाही, तरी मैत्री होते. दुसरा शेवटचा: त्यांचा ऐकता-बोलता मुलगा कर्णबधिर मुलीशी लग्न करायला नकार देतो. कर्णबधिर आईबापांच्या पोटचा मुलगा! तिथे बापाचा जो संताप होतो तो या विषयावरच्या कितीतरी परिसंवादांपेक्षा खरा आहे.

अंधांच्या प्रेमाकडे मराठी माणसाने पाहिलं ते सई परांजप्यांच्या ‘स्पर्श’मधून. त्यातला अंध मुख्याध्यापक अनिरुद्ध दिल्लीच्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या शाळेतल्या खऱ्या मुख्याध्यापकांवरून उभा केलेला, चित्रीकरणही तिथलंच. या संस्थेच्या अध्यक्षपदी एकेकाळी दुर्गाबाई देशमुख होत्या. अंध मुलांसाठी शाळा-वसतिगृह आणि हलक्या अभियांत्रिकी कामाची कार्यशाळा त्यांनी उभी केली. १९५३ साली चिंतामणरावांशी लग्न करून त्या देशमुखांच्या घरात आल्या, तेव्हा त्या अर्थाने त्या रोह्याच्या सूनबाई. हा धागा रोहेकरांनी अभिमानाने सांगायला हरकत नाही.

‘स्पर्श’मधलं लग्न मोडायच्या बेताला येतं ते दिसत नाही म्हणून नव्हे. ती माझ्यावर प्रेम करते की उपकार, हा प्रश्न अनिरुद्धला पोखरतो. एक डोळस आणि एक अंध अशा जोडप्यात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. दोघंही अंध असतील तर तो येत नाही, पण मग शेजारीपाजारी विचारतात, ‘गॅस कोण पेटवणार?’ गॅस तीच पेटवते. अशा घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. आलेल्या पाहुण्याने मदत म्हणून मिठाची बरणी हलवली की दोघांचं त्या दिवसाचं भांडण पाहुण्याच्या खाती.

अंधांना एक चैन मात्र डोळसांना न मिळणारी आहे. ब्रेलमधलं प्रेमपत्र घरात कोणालाच वाचता येत नाही. खिळ्यासारख्या कलमाने जाड कागदावर टोचून काढलेली सहा टिंबांची अक्षरं. उशाखाली ठेवा, टेबलावर उघडं टाका, काकू फार तर कागद उलटसुलट करून बघतील. टपाल खातं ब्रेलमधलं साहित्य सात किलोंपर्यंत विनामूल्य पोचवतं. स्वागत थोरातांनी १५ फेब्रुवारी २००८ला ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. मराठीत ब्रेल दिवाळी अंकही निघाले आहेत. आता तरुण अंध मुलं पत्रं कमी लिहितात, आवाजाचे निरोप जास्त धाडतात. फोन पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवतो. फक्त तो मोठ्याने वाचतो! बसमध्ये इयरफोन विसरला की तिचा निरोप सगळ्या एसटीला कळतो.

एक अंध आणि एक कर्णबधिर असं जोडपं असेल तर? लोकांना हे अशक्य वाटतं. व्यवहारात त्याचे तुकडे करता येतात. तो बोलतो, तिच्या फोनवर मराठी अक्षरं उमटतात. ती लिहिते, त्याचा फोन वाचून दाखवतो. यंत्र प्रमाण मराठीवर वाढलेलं असल्याने पेणकडची आगरी कानी पडली की अडखळतं, तो भाग वेगळा. फोन नसेल तेव्हा ती त्याच्या तळहातात खुणा करते. हाताखाली हात धरून खुणा वाचायची ही पद्धत मूळची अंध-कर्णबधिरांची. मुंबईत बेरोज वाच्छांनी १९७७ साली अशा मुलांसाठी देशातली पहिली संस्था काढली आणि तिला नाव दिलं हेलन केलरचं.

त्या हेलन केलरच्या प्रेमाची हकिगत आपल्या पाठ्यपुस्तकांनी कधी सांगितली नाही. १९१६ साल. ती छत्तीस वर्षांची, जगप्रसिद्ध लेखिका. शिक्षिका ॲन सुलिव्हन आजारी, म्हणून पीटर फॅगन नावाचा तरुण पत्रकार मदतनीस म्हणून आला. तिच्याशी बोलता यावं म्हणून तो बोटांची अक्षरं शिकला. दोघांनी बोस्टनमध्ये लग्नाच्या परवान्यासाठी अर्ज केला. वर्तमानपत्राने ते फोडलं, आई संतापली, फॅगनला घराबाहेर काढलं आणि हेलनला दक्षिणेत नेलं. हेलनने पुढे आत्मकथनात हे प्रेम आनंदाच्या बेटासारखं आठवलं आहे. १९५५ मध्ये ती भारतात आली तेव्हा आपण तिच्या जिद्दीला हार घातले. सही करायला सक्षम असलेल्या छत्तीस वर्षांच्या बाईचं लग्न तिच्या आईने का मोडलं, हे कोणी विचारलं असेल असं वाटत नाही.

बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या बाबतीत हा तिसरा माणूस सगळ्यात दांडगा असतो. पेणमध्ये सुहित जीवन ट्रस्ट, आई डे केअर यांसारख्या संस्था अशा मुलांसाठी काम करतात, त्यामुळे या भागातल्या पालकांना हा प्रश्न परका नाही. मुलगा-मुलगी वयात येतात, एकमेकांजवळ बसू लागतात, डबा वाटून खातात, आणि मोठ्यांची तारांबळ उडते. काळजी खोटी नसते. फसवणुकीचं भय खरं आहे. पण काळजीच्या नावाखाली काय काय झालं तेही आठवावं. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. मुलींना कोणी विचारलं नव्हतं. २००९ साली सुचिता श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या स्त्रीच्या संमतीवाचून तिचा गर्भपात करता येणार नाही असं म्हटलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १०ने मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीखेरीज वंध्यत्व आणणारी शस्त्रक्रिया करायला मनाई केली. आणि २०२२ मध्ये पुण्यात डाऊन सिंड्रोम असलेल्या दोघांचं, दोन्ही घरांच्या पाठिंब्याने, थाटात लग्न झालं. दोन्ही घरांनी मदत करायची ठरवली की तिसरा माणूस ओझं न होता आधार होतो, हे त्या लग्नाने दाखवलं.

कुष्ठरुग्णांच्या संसारांचा धागाही याच भागाशी जुळतो. पेण तालुक्यातलं गागोदे हे विनोबांचं जन्मगाव. विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली; पुढे आनंदवन उभं राहिलं, रायगडातच पनवेलजवळ नेऱ्याचं शांतिवन उभं राहिलं. बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांची एकमेकांशी लग्नं लागली, संसार झाले. कुष्ठरोगात हातांची संवेदना जाते. प्रेमाची जी भाषा सगळ्यांना फुकट मिळते, ती स्पर्शाची, तीच इथे हरपलेली. तरी ती माणसं नांदली. आणि याच देशाच्या कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ पर्यंत जिवंत होतं! औषधाने रोग बरा होऊ लागून कितीतरी वर्षं लोटल्यावर संसदेने ते कलम पाच कायद्यांतून काढलं.

महाराष्ट्र शासनाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. २०१४च्या योजनेनुसार अव्यंग माणसाने दिव्यांग व्यक्तीशी लग्न केलं तर जोडप्याला ५० हजार रुपये मिळत: २५ हजारांची बचत प्रमाणपत्रं, २० हजार रोख, साडेचार हजारांचं संसाराचं साहित्य आणि स्वागत समारंभाला ५०० रुपये. हेतू चांगला. पण आपली कल्पनेतली जोडी, पेणची ती आणि रोह्याचा तो, त्यात बसत नव्हती, कारण दोघंही दिव्यांग. एकाने ‘त्याग’ केला तर बक्षीस, दोघांनी बरोबरीने संसार मांडला तर काही नाही, असाच त्याचा अर्थ निघत होता. ज्यांना दुप्पट अडचणी, त्यांना शून्य. असं गणित कागदावर मांडताना समोर एकही दिव्यांग जोडपं बसलेलं नसावं, हे माझं अनुमान.

म्हणून पेण-रोह्याच्या वाचकांना चार कामाच्या गोष्टी सांगतो. तुमच्या घरात, वाडीत लग्नाच्या वयाचं कर्णबधिर मूल असेल तर सांकेतिक भाषेचा कोश फोनवर उघडा आणि घरातल्या दोघांनी तरी शिका. सगळ्यांनी शिकलं तर उत्तम. वधू-वर मेळाव्यात मुलगा-मुलीला वेगळं बसू द्या आणि दुभाषा लागला तर तो नात्यातला नसू द्या. बँकेत, दवाखान्यात, ग्रामपंचायतीत असं जोडपं आलं तर प्रश्न त्यांना विचारा, बरोबर आलेल्या भाच्याला नको. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तुमच्या गावाने तो कशावर केला हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. आणि विवाह योजनेच्या अटी आज काय आहेत, दोघंही दिव्यांग असतील तर काय मिळतं, हे अलिबागला जिल्हा परिषदेत जाऊन लेखी मागा. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, दोघांनी मिळूनच जा.